चाऱ्याची झोळी
लेखमाला : शेतातली यंत्रं, लेखांक ९

एप्रिल संपत आला की दिल्ली-जयपूर महामार्गावर मानेसरच्या आसपास मोटारींच्या गर्दीत मधूनच एखादी ट्रॅक्टर-ट्रॉली दिसते. खरं तर ट्रॉली दिसतच नाही. दिसतो तो गोणपाटात बांधलेला, दोन्ही बाजूंना फुगून रस्ता अडवणारा प्रचंड बोजा. आत गव्हाचा भुसा असतो, हरियाणाच्या बोलीत तूडी. हार्वेस्टरने गहू काढून नेल्यावर शेतात जी धसकटं उभी राहतात ती स्ट्रॉ रीपर कापतो, त्यांचा बारीक भुसा करतो आणि मागे जोडलेल्या, जाळीने झाकलेल्या ट्रॉलीत फुंकतो. कापणं यंत्राने, भरणं यंत्राने, वाहून आणणंही यंत्राने. ट्रॉली गोठ्यापाशी किंवा गोशाळेच्या दारात येऊन थांबली की मात्र यंत्रांचं काम संपतं आणि माणसाची मान आणि कंबर सुरू होते.

तिथे दोनच अवजारं असतात. एक जेळी, म्हणजे लांब दांड्याचा दाती असलेला काटा. दुसरी पल्ली, म्हणजे गोणपाट जोडून शिवलेली मोठी चादर. पल्ली जमिनीवर पसरायची, जेळीने तिच्यावर भुसा ओढायचा, चार टोकं बांधायची आणि गाठोडं डोक्यावर घेऊन शिडी चढायची. काही ठिकाणी ट्रॅक्टरवर चालणारा ब्लोअर भाड्याने आणतात. तो भुसा पाइपातून कोठीत फेकतो. पण त्याच्या धुळीत उभं राहणं हा स्वतंत्र छळ आहे, आणि पेंढ्याचे बांधलेले गठ्ठे तर त्यातून जातच नाहीत.

हे काम किती मोठं आहे ते एकदा हिशेबाने बघू. ट्रॉलीत ३० क्विंटल भुसा आहे असं धरा. पल्लीत एका वेळी २५ किलो बसला, तर १२० खेपा होतात. कोठीचं तोंड चार मीटर उंचावर असेल, तर गडी १२० वेळा चार मीटर चढतो. चढताना तो २५ किलो भुशाबरोबर स्वतःचं ६० किलोचं शरीरही वर नेत असतो. म्हणजे ३,००० किलो भुसा वर पोचवण्यासाठी त्याने आणखी ७,२०० किलो वर चढवलेले असतात, आणि ते सगळे स्वतःचेच. त्याच्या कष्टातला दोन-तृतीयांशाहून जास्त वाटा भुशाच्या कामी येतच नाही. आता दुसरी बाजू बघा. तेवढाच भुसा तेवढ्याच उंचीवर नुसता उचलायला लागणारी ऊर्जा विजेच्या एका युनिटच्या तिसाव्या भागाइतकी आहे. यंत्रातली अर्धी ऊर्जा घर्षणात गेली असं मानलं, तरी पूर्ण ट्रॉलीला युनिटचा दहावा भागही लागत नाही. इतक्या क्षुल्लक ऊर्जेसाठी आपण माणसाची अख्खी दुपार आणि त्याच्या गुडघ्यांची पुढची वीस वर्षं खर्च करतो.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी उभा होता. त्यांच्याकडे जनावरं गोठ्याच्या तळमजल्यावर आणि वाळलं गवत वरच्या माळ्यावर असे, कारण बर्फाळ हिवाळ्यात बाहेर गंजी रचून भागत नसे. १८६७ साली आयोवा राज्यातल्या फेअरफील्डच्या विल्यम लाउडन यांनी गवत वाहून नेणाऱ्या गाड्याचं पेटंट घेतलं. माळ्याच्या आढ्याखाली आडवा रूळ, रुळावर चाकांचा छोटा गाडा, गाड्यातून खाली सोडलेला दोर आणि दोराचं दुसरं टोक घोड्याला जुंपलेलं, अशी ती रचना. घोडा पुढे चालू लागला की ओझं सरळ वर जातं. ते गाड्याला टेकलं की तिथली कळ सुटते आणि ओझ्यासकट गाडा रुळावरून माळ्याच्या आत धावतो. एकाच ओढीत आधी उचलणं आणि मग सरकवणं, या एका युक्तीवर पुढे गोठ्याच्या सामानाचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

गाड्याच्या खाली काय टांगायचं, याचे दोन मार्ग होते. लांब, गुंतलेल्या गवतात लोखंडी काटा खुपसला की तो ढीगच्या ढीग पकडून ठेवतो. आखूड काड असेल तर काट्यातून निसटतं. तिथे झोळी आली. दोरांना आडव्या लाकडी पट्ट्या बांधून केलेली ही झोळी गाडीच्या तळाशी आधीच अंथरायची आणि तिच्यावर गवत भरायचं. थोडं भरल्यावर दुसरी झोळी, मग तिसरी. गाडी गोठ्यात आली की सगळ्यात वरच्या झोळीची दोन्ही टोकं जवळ आणून हुकात अडकवायची आणि उचलायची. झोळी मधोमध दोन भागांची असते आणि ते भाग एका खिटीने जोडलेले असतात. माळ्यावर पोचल्यावर खालून बारीक दोरीला हिसका दिला की खिटी सुटते, झोळी पोटातून उघडते आणि सगळं गवत हवं तिथे पडतं. चार-पाच उचलींत गाडी रिकामी होते. आत अंथरलेली झोळी भरताना कुठेही आड येत नाही, हे मला या साधनाचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. उचलण्याचा विचार भरण्याच्या आधीच झालेला असतो.

आपली पल्ली हीदेखील झोळीच आहे. फक्त तिची क्रेन माणूस आहे. मग आपल्याकडे तिच्या वर कप्पी का आली नाही? कारण इतके दिवस गरज तितकी बोचत नव्हती. हरियाणात भुशाचे कूप, म्हणजे ढीग, जमिनीवरच रचत. महाराष्ट्रात कडब्याची गंज, कोकणात पेंढ्याची उडवी, हीसुद्धा जमिनीवरूनच चढत गेली. जागा होती, घरात हात होते आणि गावात मजूर होता.

मानेसरला यातलं काहीच राहिलेलं नाही. हे गाव हरियाणाचं चाकण आहे. इथल्या शेतजमिनीवर औद्योगिक वसाहत उभी राहिली, होंडाच्या दुचाकींचा कारखाना २००१ साली सुरू झाला, पुढे मारुतीचा आला, आणि २०२० मध्ये मानेसरची स्वतंत्र महानगरपालिकाही झाली. कासन, नखरौला, नाहरपूर यांसारख्या गावांत अजून म्हशी आहेत, पण गंज रचायला मोकळं अंगण नाही. भुसा मिळतो तो गव्हाच्या सुगीनंतरच्या थोड्या आठवड्यांत. वर्षाचा साठा तेव्हाच करावा लागतो, कारण नंतर भाव चढतो. मजूर कारखान्यात आणि बांधकामावर आहे. जागा कमी म्हणून साठा वर चढवायचा आणि चढवायला माणूस मिळत नाही, अशी ही कोंडी आहे.

आणि याच गावात, रस्त्यापलीकडच्या कुंपणाआड, उचलण्याचं शास्त्र रोज वापरलं जातं. मोटारींच्या कारखान्यात पत्र्याची गुंडाळी, साचा, इंजिन, काहीही हाताने उचलत नाहीत. तिथे पॉलिएस्टरच्या पट्ट्याच्या स्लिंग असतात आणि त्यांचा रंगच भार सांगतो : जांभळी एक टनाची, हिरवी दोन टनांची, पिवळी तीन टनांची. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमाने घालून दिलेली शिस्त अशी की उचलण्याच्या प्रत्येक साखळीवर, दोरावर तिचा सुरक्षित भार नोंदलेला हवा, त्याहून जास्त उचलायचं नाही आणि वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तिची कसून तपासणी व्हायला हवी. हे काम करणाऱ्या कामगारांना खलाशी म्हणतात, आणि मुरलेला खलाशी ओझ्याकडे एकदा बघून पट्टा कुठे घालायचा ते सांगतो. त्याचा भाऊ किंवा चुलता गावात पल्ली डोक्यावर घेऊन शिडी चढत असतो. हे अंतर मला सहन होत नाही.

खलाशाला जे एक गणित पाठ असतं, ते शेतकऱ्यालाही माहीत हवं. ४०० किलोचं ओझं दोन पट्ट्यांनी हुकाला टांगलं, तर प्रत्येक पट्ट्यावर २०० किलो येतील असं आपण सहज म्हणतो. पट्टे अगदी उभे असतील तरच ते खरं. पट्टा जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येकावर सुमारे २३० किलोंचा ताण येतो. ४५ अंशांना तो २८० च्या पुढे जातो. ३० अंशांना पूर्ण ४०० होतो, म्हणजे एकेका पट्ट्यावर सगळ्या ओझ्याइतका. भुशाचं गाठोडं पसरट असतं, त्यामुळे टोकं आखूड बांधली की पट्टे हमखास आडवे पडतात आणि दोर तुटतो. लोक दोराला दोष देतात. पट्टे लांब ठेवा, कोन ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. निम्मे अपघात इथेच टाळता येतील असं माझं मत आहे.

मानेसरच्या गोशाळेत किंवा आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गोठ्यात ही झोळी कशी बसवता येईल? भुसा बारीक असल्याने पट्ट्यांची झोळी चालणार नाही, तळ कापडाचाच हवा. सैल भुसा घनमीटरला साधारण ६० किलो धरला, तर ३०० किलोंना पाच घनमीटर जागा लागते. खतासाठी किंवा सिमेंटसाठी मिळणाऱ्या जंबो बॅगेत घनमीटरभरच माल मावतो, म्हणून ती इथे तोकडी पडते. त्याच विणीच्या कापडाची चार मीटर लांब, चार मीटर रुंद चादर, कडेने आणि खालून फिरवून शिवलेला पट्टा आणि चार कोपऱ्यांना चार फासे, एवढं कोणताही ताडपत्री शिवणारा करून देईल. वापरण्यापूर्वी तिच्यावर दुप्पट वजन जमिनीपासून वीतभर उचलून बघावं. पुन्हापुन्हा वापरायच्या जंबो बॅगेला नेमलेल्या भाराच्या सहापट ताण सोसावा लागतो, हे लक्षात ठेवून पट्टा निवडावा. वर एक टनाची चेन-कुप्पी टांगावी. ती हाताने ओढायची असते, ठिणगीचा प्रश्न येत नाही, आणि साखळी सोडली तरी ओझं आहे तिथेच थांबतं. ट्रॉलीच्या ३० क्विंटल भुशाला अशा दहा उचली पुरतात.

चेन-कुप्पी शेडच्या कैचीला मात्र बांधू नये, हे मी ठासून सांगेन. पत्र्याच्या शेडची कैची पत्रा आणि वारा यांच्यासाठी बांधलेली असते; मधोमध ३०० किलो लटकवले तर ती वाकते. स्वतंत्र चार पायांची लोखंडी चौकट आणि तिच्यावर आडवा आय-बीम, त्यावर ट्रॉली नावाचाच छोटा चाकांचा गाडा, म्हणजे लाउडनचीच रचना. मोजमाप अभियंत्याकडून करून घ्यावं. वरून विजेची तार जात असेल तर जागा बदलावी. टांगलेल्या ओझ्याखाली कुणीही नको, मूलही नाही आणि वासरूही नाही.

ओझ्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगाव भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे. ते कापणाऱ्या वारल्यांनी १९४५ च्या ऑक्टोबरात किसान सभेच्या झेंड्याखाली संप केला. सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. मागणी होती ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलो. वर सांगितलेल्या एका झोळीत मावेल इतकं हे गवत, आणि त्याच्या दामासाठी माणसांनी जीव दिला. चाऱ्याच्या कामाची किंमत ठरवताना हे विसरता कामा नये, आणि झोळी आली म्हणून गड्याची मजुरी कापणाऱ्या मालकाला तर नक्कीच विसरू देऊ नये.

सरकारचं लक्ष गेल्या काही वर्षांत काडाकडे वळलं आहे. २०१८ पासून केंद्राच्या योजनेत अवशेष व्यवस्थापनाच्या यंत्रांना शेतकऱ्याला ५० टक्के आणि अवजार भाडेकेंद्रांना ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू लागलं. बेलर आले, पेंढ्याचे गठ्ठे होऊ लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढा घेण्याची त्याची क्षमता आहे. पण दोन लाख टनांतला प्रत्येक गठ्ठा शेतातून ट्रॉलीवर आणि ट्रॉलीतून थप्पीवर कुणीतरी चढवतं, आणि छोट्या शेतात ते अजून हातानेच होतं. माझ्या मते अनुदानाच्या यादीत बेलरच्या शेजारी उचलण्याचं साधन हवंच. चेन-कुप्पीची किंमत बेलरच्या किमतीपुढे नगण्य आहे.

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथले कितीतरी वाचक कारखान्यात स्लिंग हाताळतात आणि सुट्टीला गावी गेल्यावर कडबा डोक्यावरून माळ्यावर चढवतात. त्यांना माझी विनंती आहे. या दिवाळीला गावी जाल तेव्हा गोठ्याची उंची मोजा, वरच्या तारा बघा, गावातल्या लोहाराशी आणि ताडपत्रीवाल्याशी बोला, आणि एक झोळी उभी करा. जमली तर तिची मापं आणि खर्च या लेखमालेकडे लिहून पाठवा. ती मापं आम्ही पुढच्या लेखांकांत छापू. पुढच्या आठवड्यात कडबाकुट्टी यंत्र आणि त्यात जाणारी बोटं.