उलट वाटेने जाणारे मीठ

खाऱ्या पाण्यातले मीठ विजेने काढण्याची कल्पना आरओपेक्षा, म्हणजे दाबाने पटलातून पाणी ढकलण्याच्या तंत्रापेक्षा, जुनी आहे. 1940 मध्ये मेयर आणि श्ट्राउस यांनी आयन निवडून सोडणारी पटले आलटून-पालटून लावून अनेक कप्प्यांचे इलेक्ट्रोडायलिसिस मांडले. कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात पिण्याचे पाणी रेल्वेने येई. तिथे 1950च्या दशकाच्या अखेरीस असा संच बसला. 1965 मध्ये त्याच गावात लोब आणि भारतातून गेलेले सौरिराजन यांच्या पटलावर चालणारा आरओ संच आला. पुढे जोर दाबाच्या तंत्राचाच राहिला.

विजेला नवे काम मिळाले ते फॉरवर्ड ऑस्मॉसिसमुळे. 2005च्या सुमारास हे तंत्र संशोधकांनी उचलून धरले. पटलाच्या एका बाजूला सांडपाणी, दुसऱ्या बाजूला तीव्र खारे द्रावण. मोठ्या दाबाच्या पंपाशिवाय पाणी खाऱ्या बाजूला ओढले जाते. मात्र त्याच वेळी थोडे मीठ उलट सांडपाण्यात उतरते. तिथे ते साचते, पाण्याची ओढ मंदावते, मैला पचवणाऱ्या जिवाणूंना त्रास होतो, आणि गेलेले मीठ पुन्हा विकत घ्यावे लागते. सुरुवातीची बरीच वर्षे पाणी किती आले याचेच कौतुक झाले, याची मला खंत वाटते.

2010 मध्ये फिलिप, योंग आणि एलिमेलेक यांनी हिशेब मांडला: आलेले पाणी आणि गेलेले मीठ यांचे गुणोत्तर पटलाचा निवडक थर ठरवतो, द्रावणाची तीव्रता नाही. म्हणजे द्रावण सौम्य करून सुटका नव्हती.

म्हणूनच 2015 मधले व्हर्जिनिया टेकमधील लू आणि हे या संशोधकांचे काम मला या प्रवासातले सर्वांत मोलाचे वाटते. निर्दोष पटलाची वाट न पाहता त्यांनी फॉरवर्ड ऑस्मॉसिस चालणाऱ्या, मैला पचवणाऱ्या जिवाणूंच्या टाकीला इलेक्ट्रोडायलिसिस जोडले. विद्युतक्षेत्रात सोडियम एका दिशेला, क्लोराइड दुसऱ्या दिशेला सरकते. अशा रीतीने उतरलेले मीठ टाकीतून काढून मूळ द्रावणात परत नेता येते. दाबाच्या तंत्रात सगळे पाणी ढकलावे लागते. इथे विजेचा खर्च मुख्यतः काढायच्या मिठापुरता. जिथे मीठ थोडेच गळते, तिथे हा फरक फार मोठा ठरतो.

अडचणी उरल्याच. पाणी फार गोडे झाले की विजेला होणारा रोध वाढून वीज वाया जाते. शिवाय धन आयन सोडणारे पटल सोडियमबरोबर सांडपाण्यातला अमोनियमही सोडते, आणि तो स्वच्छ द्रावणात जाऊन बसतो.