उल्लेखांचा हिशेब

एखाद्या वैद्यकीय संशोधकाच्या लेखाचा आधार इतर संशोधक आपल्या लेखात नमूद करतात, त्यास उल्लेख (सायटेशन) म्हणतात. आणि एखाद्या नियतकालिकातील मागील दोन वर्षांच्या लेखांना चालू वर्षात सरासरीने किती उल्लेख मिळाले, हे सांगणारा आकडा म्हणजे त्या नियतकालिकाचा प्रभावांक (इम्पॅक्ट फॅक्टर). हा आकडा परस्पर लेखकाच्या नावे जमा करण्याचा प्रघात पडला आहे, आणि घोटाळा होतो तो तेथेच. सांगलीच्या पेठेत हळदीचा सरासरी भाव चढा निघाला, म्हणून त्या दिवशीचे प्रत्येक पोते उत्तम ठरत नाही. खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतोच.

व्यक्तीसाठी भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली एच-निर्देशांक सुचविला. पाच लेखांना अनुक्रमे ४०, ९, ४, २ व १ उल्लेख असतील, तर प्रत्येकी निदान तीन उल्लेखांचे लेख तीनच, सबब निर्देशांक ३. चाळिसांचे वेगळे मोल तेथे होत नाही, ही त्याची उणीवच म्हणावी लागेल.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा विंचूदंशावरील निबंध १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे प्राझोसिन (रक्तवाहिन्या शिथिल करणारे औषध) या दंशावर वापरात आणण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. परंतु या विषयाचे अभ्यासक मुळात थोडे, आणि माण किंवा जत तालुक्यात अपरात्री ती गोळी देणारा डॉक्टर काही निबंध लिहीत बसत नाही. कर्करोगावर मात्र जगभर हजारो जण लिहितात, तेव्हा या दोन विषयांतील आकडे शेजारी मांडून संशोधकांची प्रतवारी लावणे गैरवाजवी होय.