पत्र्यावरच्या पावसाची नाममुद्रा

समजा, हिंगोलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेला पाऊस हवा आहे. दुसऱ्या अंकात, दुष्काळानंतरचा पहिला पाऊस. पार्श्वसंगीत सांभाळणारा पोरगा जूनच्या एका रात्री रेकॉर्डर घेऊन कयाधूकाठच्या पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसतो. चाळीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातून तो अठरा सेकंद निवडतो. आधी चार सुटे थेंब, मग श्वास रोखायला लावणारी शांतता आणि मग दणाणणारा पत्रा. प्रयोगात टाळ्या पडतात. वर्षभराने परगावच्या नाटकात तोच पाऊस ऐकू येतो, त्याच चार थेंबांनी सुरू होणारा. कुणीतरी तो पेन ड्राइव्हवर उतरवून नेलेला असतो.

चोरी झाली हे पोराला कळतं. पण चोरीला नेमकं गेलं काय? पाऊस काही कुणाच्या बापाचा नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं यावरचं उत्तर मोठं मजेदार आहे. पाऊस सगळ्यांचाच राहतो, त्याचं ध्वनिमुद्रण मात्र मालकीचं होतं. ते कॅसेटवर आहे की पेन ड्राइव्हवर, याने फरक पडत नाही. दुसऱ्या कुणी आपल्या ओसरीत बसून हुबेहूब तसाच पाऊस टिपला, तर त्याला हरकत घेता येत नाही. हीच फाइल उचलली, तर येते. नोंदणीची अट नाही. मुद्रण झालं की हक्क जन्मला. प्रकाशनानंतरच्या वर्षापासून तो ६० वर्षं टिकतो.

मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरने ढग सरकवले असतील, तर आणखी गंमत. कायद्याच्या व्याख्येत कुठलंही दृश्यमुद्रण 'चलच्चित्रपट' या सदरात मोडतं. म्हणजे आपला दहा सेकंदांचा ढग आणि तीन तासांचा सिनेमा एकाच पंगतीला बसतात!

कल्पनेला मात्र कुंपण नाही. 'हम हिंदुस्थानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा सिनेमा बेतला, अशी तक्रार नाटककार आर. जी. आनंद यांनी केली होती. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कल्पना कुणाच्याही मालकीची नसते, मालकी असते ती मांडणीची. आनंद खटला हरले. तेव्हा 'दुष्काळानंतर पाऊस' ही कल्पना कुणीही वापरावी. ते अठरा सेकंद मात्र उचलू नयेत.

एक मेख आहे. कायद्याच्या भाषेत ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. पोराने स्वतःच्या हिमतीवर रेकॉर्डर नेला असेल, तर तोच निर्माता. संस्थेने स्टुडिओ ठरवून खर्च केला असेल, तर पारडं संस्थेकडे झुकतं. म्हणून तालमीच्या पहिल्या आठवड्यातच एक कागद व्हावा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो आणि कागदावर मुदत घालायची राहिली, तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

कागदाआधी मुळात ध्वनियोजना ही कला आहे हे लोकांना दिसायला हवं. ब्रॉडवेवरच्या टोनी पुरस्कारांत ध्वनियोजनेला २००८ साली जागा मिळाली, २०१४नंतर ती काढून घेतली गेली आणि २०१८ साली परत दिली गेली. जिथे दरसाल नाटकांवर कोट्यवधी डॉलर खर्च होतात, तिथेही कानाच्या कलेची ही गत.

आता खरा पेच. पाऊस पावसासारखाच वाजतो. परगावचा पाऊस आपलाच, हे सिद्ध कसं करायचं?

इथे गणित थक्क करतं. कानाला सगळे पाऊस सारखे, पण ध्वनिलहरींच्या पातळीवर कोणतेही दोन पाऊस जुळत नाहीत. हजारो थेंब, प्रत्येकाची वेळ वेगळी, पत्र्याचा प्रत्येक दणका वेगळा. मूळ लहर संशयित लहरीवरून हळूहळू सरकवत न्यायची. मुद्रणं वेगळी असतील तर जुळणी सगळीकडे नगण्यच राहते. तेच मुद्रण असेल तर एका क्षणी आलेखात सुळका उभा राहतो, वरून संवाद, खोकले, टाळ्या मिसळलेल्या असल्या तरी. कानाला जो आवाज सर्वांत बिनचेहऱ्याचा वाटतो, त्याचीच ओळख गणिताला सर्वांत पक्की पटते.

आणि याच युक्तीचा थोरला अवतार हिंगोली जिल्ह्यातच येऊ घातला आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी बाहूंची. कृष्णविवरांच्या मिलनातून उठणारी गुरुत्वीय लहर प्रोटॉनहूनही कितीतरी कमी हालचाल घडवते आणि गोंगाटात बुडून जाते. ती शोधायची तर लहर कशी असेल हे आधी गणिताने काढायचं आणि तो नमुना नोंदींवरून सरकवत न्यायचा. ही पद्धत घडवण्यात पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१चा शोधनिबंध महत्त्वाचा ठरला. २०१५ साली अमेरिकेत पहिली गुरुत्वीय लहर सापडली. तिची खात्री पटवण्यातही अशीच जुळणी कामी आली.

जुळणीने फाइल एकच आहे हे कळतं. आधी कुणाची, हे कळत नाही. त्यासाठी याच जिल्ह्यातल्या नर्सीकडे पाहावं. हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांच्या अभंगाच्या शेवटी 'नामा' ही मुद्रा येते. ती असूनही पुढच्या काळातल्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना त्यांच्या गाथेत मिसळल्या आणि अभ्यासक अजून त्या निवडत बसले आहेत. नुसतं नाव पुरत नाही, त्यामागे माग लागतो.

तेव्हा रेकॉर्डर सुरू केला की आधी स्वतःच्या आवाजात गाव, तारीख, वेळ आणि नाव बोलावं. मग पाऊस. नाटकात वाजतील ते अठरा सेकंदच, पण मूळची चाळीस मिनिटं जपून ठेवावीत. त्यात मधेच कुठेतरी एक कुत्रं भुंकलेलं असेल, पोरगा शिंकलेला असेल. उचलणाऱ्याकडे अठरा सेकंदांचा पाऊस असतो. ते कुत्रं त्याच्याकडे नसतं.