मुलांच्या खात्यावर आईची सही

‘खात्याला यांचीच सही लागेल ना?’ असे विचारून अनेक भगिनी काउंटरवरून परत जातात. तसे नाही. आई पालक म्हणून मुलाचे किंवा मुलीचे बचत खाते उघडू शकते. मुलाचा जन्मदाखला आणि स्वतःची केवायसी कागदपत्रे सोबत आणावीत.

मूल १० वर्षांचे झाले की बँक त्याला स्वतःच्या सहीने खाते चालवू देऊ शकते. रकमेची मर्यादा बँक ठरवते आणि ओव्हरड्राफ्ट देत नाही, त्यामुळे कर्जाची भीती नाही. स्लिप त्यालाच भरू द्या. पासबुकातील ‘जमा’ आणि ‘नावे’ त्यालाच वाचायला सांगा.

मुलगी १० वर्षांच्या आतील असेल, तर सुकन्या समृद्धी खातेही उघडता येते. त्यात वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. एखादे वर्ष चुकले, तर ती रक्कम आणि ५० रुपये दंड भरून खाते पुन्हा नियमित करता येते.

मूल १८ वर्षांचे झाले की बचत खात्यासाठी त्याची नवी सही बँकेत द्या. नाहीतर ऐन कॉलेज प्रवेशाच्या वेळी पैसे अडकू शकतात.

आणि हो, तुमच्या स्वतःच्या खात्याला नामनिर्देशन केले आहे का? आजच पासबुक उघडून पाहा.