कोळशाचे दोन विस्तव

बायबलच्या नव्या करारातली सत्तावीस पुस्तकं मूळ ग्रीकमध्ये वाचत गेलं, तर 'अँथ्राकिया' हा शब्द फक्त दोनदा भेटतो. अर्थ साधा : कोळशाचा विस्तव. दोन्ही वेळा तो योहानाच्या शुभवर्तमानात येतो आणि दोन्ही वेळा त्या विस्तवाजवळ एकच माणूस असतो, गालीलचा कोळी शिमोन पेत्र. पहिला विस्तव अठराव्या अध्यायात, दुसरा एकविसाव्यात. लाजेने मोडलेला माणूस पुन्हा उभा कसा राहतो, हे या दोन विस्तवांच्या मधल्या वाटेवर लिहिलेलं आहे.

पहिला विस्तव यरुशलेममध्ये, महायाजकाच्या अंगणात. थंडीची रात्र, येशूला अटक झालेली. गुरूसाठी जीव देईन, असं पेत्र त्याच संध्याकाळी जेवताना म्हणाला होता. आता दारावरची दासी विचारते, तूही त्याच्या शिष्यांपैकी ना? तो म्हणतो, मी नाही. मग नोकरा-शिपायांत मिसळून शेकत उभा राहतो. तिथेही तोच प्रश्न येतो आणि तेच उत्तर जातं.

हे उत्तर ग्रीकमध्ये दोनच शब्दांचं आहे : 'ऊक एइमी'. त्याच अध्यायात थोडं मागे जाऊन पाहा. बागेत शिपाई शोधत येतात, तेव्हा येशू पुढे होऊन सांगतो, 'एगो एइमी', म्हणजे मीच तो. एकाच रात्री गुरू म्हणतो 'मी आहे' आणि शिष्य म्हणतो 'मी नाही'! पेत्र गुरूला नाकारायला गेला आणि स्वतःलाच पुसून बसला. लाजेचं रूप हेच. 'माझं चुकलं' एवढ्यावर तिचं भागत नाही; ती माणसाचा 'मी'च काढून घेते. तिसऱ्या नकाराबरोबर कोंबडा आरवला. शुभवर्तमानकार लूक सांगतो, की येशूने वळून पेत्राकडे पाहिलं आणि पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला.

पश्चात्ताप या आपल्या शब्दातही विस्तव आहे : नंतर होणारा ताप. तो येशूचाच दुसरा शिष्य यहूदा इस्कर्योत यालाही झाला. शुभवर्तमानकार मत्तय सांगतो, की येशूला पकडून दिल्याबद्दल मिळालेली चांदीची 30 नाणी घेऊन तो याजकांकडे परत गेला आणि आपण पाप केल्याचं बोलला. त्यांनी हात झटकले. तो एकटाच निघून गेला आणि त्याने आयुष्य संपवलं. पोळले दोघंही. पण पेत्र, मान खाली घालून का होईना, सोबत्यांमध्ये राहिला. नव्या करारात पश्चात्तापासाठी येणारा 'मेटानोइया' हा शब्द मन पालटण्याचा आहे. पोळलेलं मन कुणाकडे तरी वळावं लागतं, तेव्हाच ते पालटतं.

दुसरा विस्तव येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूनंतर, तो पुन्हा उठल्यावरचा : गालीलच्या सरोवराकाठी, समुद्रसपाटीच्या सुमारे 210 मीटर खाली असलेल्या गोड्या पाण्याजवळ. रात्रभर जाळं रिकामं. पहाटे काठावरून कुणीतरी सांगतं, उजवीकडे टाका. आणि 153 मोठे मासे लागतात. काठावर उभा आहे तो प्रभू आहे, हे कानावर पडताच पेत्र अंगरखा चढवून पाण्यात उडी घेतो. पोहायला निघालेला माणूस कपडे उतरवतो, हा चढवतो! उत्पत्तीच्या पुस्तकात आदामालाही आपल्या उघडेपणाची लाज वाटली होती, आणि तो झाडांमागे लपला होता. पेत्रही उघडेपणा झाकतो, पण झाकून निघतो ते थेट समोर जायला. लाज अजून अंगावर आहे, पाय मात्र वळले आहेत.

काठावर कोळशाचा विस्तव. तीच धग, तोच धूर. त्यावर मासे आहेत, शेजारी भाकर आहे. येशू आधी जेवू घालतो आणि मग विचारतो : या सगळ्यांपेक्षा तुझं माझ्यावर जास्त प्रेम आहे का? बाकीचे सोडून गेले तरी मी जाणार नाही, ही पेत्राची जुनी बढाई. आता तो तुलनेचा भाग उत्तरातून गाळून टाकतो आणि एवढंच म्हणतो, की माझं प्रेम आहे हे प्रभू, तुला ठाऊक आहे. स्वतःच्या शब्दाची हमी त्याने सोडून दिली आहे. नम्रता म्हणतात ती हीच.

तीन नकारांसमोर तीन प्रश्न. तिसऱ्याला पेत्र दुखावतो; जखम धुताना दुखतेच. पण प्रत्येक उत्तरानंतर त्याच्या हाती काम दिलं जातं : माझी मेंढरं सांभाळ. झाल्या गोष्टीचा हिशेब कुणी मागत नाही. ज्याने विश्वास मोडला त्याच्यावरच पुन्हा भरवसा टाकला जातो, आणि 'मी नाही' म्हणणाऱ्याला त्याचा 'मी' परत मिळतो.

आणखी एक नवल. पेत्र पहिल्या मंडळीचा पुढारी, तरी त्याचा नकार चारही शुभवर्तमानांत नोंदलेला आहे. दुसऱ्या शतकातल्या पापियास या ख्रिस्ती लेखकाच्या म्हणण्यानुसार मार्काने पेत्राच्याच आठवणी लिहून ठेवल्या. तसं असेल, तर त्या रात्रीची गोष्ट पेत्र स्वतःच सांगत फिरला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. पेत्राने ते झाकलंच नाही. आणि नकार उघड असूनही त्याचं नाव आजही घेतलं जातं : गोव्यात बार्देशातले मच्छीमार दर 29 जूनला होड्या एकत्र बांधून सांगोड काढतात, ते याच कोळ्याच्या नावाने.

आपल्या प्रत्येकाच्या मागे असा एखादा विस्तव असतो, आणि त्याला वळसा घालण्यात वर्षं जातात. ज्याला दुखावलंत तो समोर असेल, तर त्याच्याकडे जा आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. आणि एखादा पेत्र तुमच्याकडे ओल्या अंगरख्याने आला, तर त्याला आधी जेवू घाला.