शेततळ्यातील माशांचे दुखणे कसे ओळखावे?

रोहू, कटला, मृगळ ही मत्स्यबीजे तळ्यात सोडून वेळेवर खाद्य घातले की काम संपले, असा पुष्कळ शेतकरी बंधूंचा समज असतो. मासे मरू लागले म्हणजे औषधाची शोधाशोध सुरू होते. परंतु दुखण्याचे मूळ बहुधा पाण्यातच असते. म्हणून आधी पाणी पाहावे, मग औषध.

पहाटे तळ्यावर फेरी मारावी. सर्वच मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत असतील, तर प्राणवायू कमी पडला असे समजावे. रात्री पाण्यातील शेवाळही प्राणवायू वापरते. त्यामुळे सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी खाद्य व शेण घालणे बंद करावे आणि ताजे पाणी उंचावरून फवाऱ्याप्रमाणे सोडावे.

काही मासे काठाला अंग घासताना आढळल्यास एक-दोन धरून पाहावेत. अंगावर चपट्या उवा दिसल्यास तळ्यात बांबू टाकून ठेवावेत. उवा त्यांवर अंडी घालतात. बांबू दर आठवड्यास काढून कडक उन्हात वाळवावेत. शेतातील कीटकनाशक मात्र आपल्या मनाने तळ्यात ओतू नये.

हिवाळ्यात अंगावर तांबडे व्रण दिसल्यास विलंब करू नये. हा व्रणरोग भारतात 1988 साली शिरला व झपाट्याने पसरला. मेलेले मासे चुना टाकून पुरावेत. तळ्यात किती चुना टाकावा, हे मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांस विचारावे. आपले ओले जाळे शेजाऱ्यास देऊ नये. जाळ्याबरोबर रोगही त्याच्या तळ्यात जातो.