आवराआवर

नवरात्र जवळ आले की घराघरांतून एक ओळखीचा आवाज कानी पडू लागतो. शिडी भिंतीला टेकवल्याचा, माळ्यावरचे डबे सरकवल्याचा, पत्र्याच्या ट्रंकेची कडी निघाल्याचा. घटस्थापनेपूर्वी घर झाडून, धुऊन लख्ख करावयाचे आणि जे राहील ते दिवाळीपूर्वी उरकावयाचे, हा आपल्याकडचा जुना परिपाठ आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नव्या केरसुणीलाच लक्ष्मी मानून तिला हळदकुंकू वाहतो. केरसुणी हे अगदी साधे साधन. परंतु तिच्यावाचून घरात लक्ष्मी नांदत नाही, असा त्यातील भाव आहे.

माळ्यावरून काय काय खाली उतरते ते पाहण्यासारखे असते. काच फुटलेला कंदील, काडी मोडलेली छत्री, बंद पडलेला रेडिओ, रिकाम्या बरण्या, कधीच्या काळच्या शाळेच्या वह्या. आणि फडक्यात बांधलेले एखादे गाठोडे, ज्यात काय आहे हे कोणालाच आठवत नाही. घटकाभरात सारी ओसरी भरून जाते. आई म्हणते, "हे सगळे एकदाचे टाकून द्या." आजी म्हणते, "राहू दे गं, कधीतरी लागेल." बराच वेळ वाद होतो. संध्याकाळ झाली की दमूनभागून सारे सामान पुन्हा माळ्यावर चढते. त्याच्यावरची धूळ तेवढी गेलेली असते!

मुलांनो, हा वाद आपल्याला गमतीचा वाटतो. पण तो दिसतो तितका क्षुल्लक नाही. काय ठेवावे, काय द्यावे आणि काय टाकावे हे ओळखणे ही एक विद्या आहे. ती शाळेत शिकवीत नाहीत. घरातच, थोडी चूक करून आणि थोडे शहाणे होऊन, ती शिकावी लागते.

पूर्वीच्या घरात वस्तू मोजक्या असत आणि त्या सतत फिरत्या असत. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हईवाला कल्हई करून देई. भांडे फुटले तर ते मोडीत घालून नवे घेत. लुगडे जीर्ण झाले की त्याची गोधडी होई आणि गोधडी विरली की तिच्या तुकड्यांची हातपुसणी, पायपुसणी होत. बोहारीण दारात येई, जुने कपडे घेऊन जाई आणि त्यांच्या बदल्यात भांडे देई. आता वस्तू मुबलक झाल्या आहेत. बाजारात जाण्याचेही कारण उरले नाही. बाजारच घरी चालत येतो. वस्तू घरात येण्याचा दरवाजा असा रुंद झाला. बाहेर जाण्याचा मात्र होता त्याहूनही अरुंद झाला. मग माळे भरतात, पलंगाखालची जागा भरते आणि शेवटी माणसांनाच बसावयास जागा उरत नाही.

वस्तू आपल्या हातून का सुटत नाहीत? एक कारण आजींनी सांगितलेच: कधीतरी लागेल. दुसरे कारण म्हणजे वस्तूला चिकटलेली आठवण. तिसरे कारण आपण सहसा कबूल करीत नाही. ते म्हणजे ठरवण्याचा कंटाळा. ज्या वस्तूचे काय करावे हे आज ठरवावेसे वाटत नाही, ती आपण माळ्यावर ठेवून देतो.

या बाबतीत माझ्या हातून दोन चुका घडल्या. त्या तुमच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आमचे जुने घर एका लहान खेड्यात होते. वडील वारल्यानंतर ते पडझडीला आले आणि रिकामे करावे लागले. मी तेव्हा दुसऱ्या गावी शाळेत होतो. रजा दोनच दिवसांची मिळाली होती. अडगळीच्या खोलीत कागदांची तीन पोती निघाली. वरची चार-सहा कागदपत्रे मी चाळली. जुनी पंचांगे, पावत्या, वर्तमानपत्रांची कात्रणे. पोत्यांच्या तळाशी हात घालण्याइतका वेळ मला नव्हता, किंवा नव्हता असे मला वाटले. तिन्ही पोती मी रद्दीवाल्याला वजनावर दिली.

पुढे काही महिन्यांनी माझी आत्या भेटावयास आली. जेवणे झाल्यावर तिने सहज विचारले, "बाळ, आईच्या ओव्यांची वही कुठे ठेवली आहेस रे?" माझी आजी निरक्षर होती. पहाटे जात्यावर बसली की ती ओव्या गाई. आत्या शाळेत जाऊ लागल्यावर तिने त्या ओव्या ऐकून ऐकून एका वहीत उतरून घेतल्या होत्या. ती वही त्या पोत्यांत होती. मी मराठीचा शिक्षक. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या परिश्रमाने गोळा करून 'स्त्रीजीवन' हा संग्रह सिद्ध केला, हे मी कित्येक वर्षे वर्गात अभिमानाने सांगत आलो होतो. आणि माझ्या स्वतःच्या आजीच्या ओव्या मी काट्यावर तोलून विकल्या होत्या. आत्या मला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

त्या गोष्टीचा मला असा धक्का बसला की, पुढे मी काहीच टाकीनासा झालो. आईचा लग्नातला शालू मी मोठ्या भक्तिभावाने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि वर सामान रचले. कित्येक वर्षांनी मुलीच्या लग्नात तो काढला, तेव्हा तो घडीघडीवर चिरला होता. दमटपणाने त्यावर डाग पडले होते आणि कसरीने त्याची चाळण केली होती. वही मी टाकली म्हणून गेली. शालू मी ठेवला आणि तरीही गेला.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, घाईने टाकणारा आणि डोळे मिटून साठवणारा हे दोघे वेगळे नाहीत. दोघेही वस्तूकडे पाहत नाहीत. आवराआवर म्हणजे घरातील प्रत्येक वस्तू एकदा हातात घेऊन तिच्याकडे नीट पाहणे होय.

हे कसे करावे? सारे घर एकाच दिवशी उपसू नये. एक फडताळ, एक कप्पा किंवा एक पेटी घ्यावी आणि ती पुरी करूनच उठावे. खाली सतरंजी पसरून वस्तूंचे चार ढीग करावेत: वापरावयाच्या, द्यावयाच्या, टाकावयाच्या आणि आठवणीच्या. वापराच्या वस्तूला घरात एक ठरलेली जागा द्यावी. कात्री कोठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले की ती शोधण्यात वेळ जात नाही आणि दुसरी कात्री विकतही आणावी लागत नाही. एखाद्या वस्तूविषयी निश्चय होत नसेल तर ती एका खोक्यात घालावी व खोक्यावर तारीख लिहावी. पुढल्या दिवाळीपर्यंत तिची आठवण झाली नाही, तर तिचे उत्तर मिळाले असे समजावे.

द्यावयाच्या वस्तूंविषयी एक पथ्य पाळावे. जे आपण स्वतः आनंदाने वापरले असते, तेच दुसऱ्याला द्यावे. फाटका सदरा आणि पाने सुटलेले पुस्तक देऊन आपण कोणावर उपकार करीत नाही. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. कपडे धुऊन, गुंड्या लावून आणि घडी घालून द्यावेत. शिवाय द्यावयाचे ते वेळेवर द्यावे. लहान मुलाचा स्वेटर तो नवा असतानाच दुसऱ्या मुलाच्या अंगावर गेला, तर त्याचे सार्थक होते.

टाकावयाच्या वस्तूही विचार करूनच टाकाव्यात. कागद, काच आणि लोखंड भंगारवाल्याकडे गेले तर पुन्हा उपयोगात येतात. बिघडलेले मोबाइल, विजेची उपकरणे आणि संपलेल्या बॅटऱ्या मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत. त्यांत शिसे, पारा यांसारखे विषारी पदार्थ असू शकतात आणि ते मातीत व पाण्यात उतरतात. असा ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्राकडेच तो पोचवला पाहिजे.

आता राहिला चौथा ढीग. तो सर्वांत लहान असतो, पण सर्वांत जास्त वेळ घेतो. आजोबांची काठी, आजीचे फणीकरंड्याचे पेटारे, मावशीने विणलेला रुमाल, भावाचे पहिले पत्र. येथे आपल्याला वाटते की जितके अधिक ठेवू तितकी आठवण अधिक राहील. तसे होत नाही. आजोबांच्या दहा वस्तू पोत्यात बांधून ठेवण्यापेक्षा त्यांचा एकच चष्मा रोज दिसेल अशा ठिकाणी ठेवला, तर त्यांचे स्मरण अधिक जागे राहते. काही वस्तू तर वापरल्यानेच जिवंत राहतात. आजीच्या मऊ लुगड्याची गोधडी शिवली आणि ती थंडीत नातवंडांनी पांघरली, तर त्या लुगड्याची आठवण झिजत नाही. उलट घरभर पसरते.

मात्र आठवण वस्तूत नसते, ती माणसात असते, हे विसरू नये. ज्याला ती ठाऊक आहे तो माणूस गेला की चांदीची करंडीही नुसती करंडी होते. म्हणून आठवणीच्या प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवावी: ही कोणाची, कोठून आली, कोणी कोणाला दिली. जुन्या छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावे आणि वर्ष लिहावे. आज मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे साठतात; त्यांचाही एक माळाच झाला आहे. त्यांतील निवडक वेगळी काढून त्यांना नावे दिली नाहीत, तर पन्नास वर्षांनी ते चेहरे कोणाचे हे कोणीही सांगू शकणार नाही.

जे ठेवावयाचे ठरले ते टिकेल असे ठेवावे. रेशमी वस्त्र प्लॅस्टिकमध्ये न बांधता स्वच्छ, मऊ सुती कापडात गुंडाळावे. दर तीन-चार महिन्यांनी ते सावलीत वारे लागेल असे पसरावे आणि पहिल्या घडीवर पुन्हा घडी न पाडता नव्या जागी घडी घालावी. कसरीला खळ फार आवडते. म्हणून खळ दिलेले कापड साठवू नये. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवावेत. कागदांना टाचणी लावू नये, ती गंजते व कागद खाते. फाटलेल्या कागदावर चिकटपट्टीही लावू नये, कारण काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांवर पसरतो. कागदाची पेटी भिंतीला व जमिनीला टेकवून ठेवू नये; ओल आणि वाळवी तेथूनच येते.

जुन्या कागदांत कधी मोडी लिपीतील लिखाण सापडते. आपल्याला वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठीतील पुष्कळसा व्यवहार मोडीत होत असे. असा कागद जाणकाराला दाखवल्यावाचून टाकू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या घरातील अशी दप्तरे मिळवली. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात १७५० ते १७६१ या, पानिपतपर्यंतच्या, काळातील पत्रे आहेत. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. कोणाच्या तरी घरी ती पत्रे दीडशे वर्षे जपली गेली, म्हणून तो इतिहास आपल्या हाती आला. जी दप्तरे चुलीत गेली किंवा वाण्याच्या पुड्यांना लागली, त्यांत काय होते हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

कागदांचीच गोष्ट कशाला? पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या बालवयात वारलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ ते उभे केले. त्यात दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा घरगुती वस्तू आहेत. कोणे एके काळी त्या कोणाच्या तरी घरातील रोजच्या वापरातल्या वस्तू होत्या. एका डोळस माणसाने त्यांच्याकडे पाहिले आणि आपल्या पूर्वजांच्या राहणीचे ज्ञान त्यांतून पुढच्या पिढ्यांना मिळाले.

माझ्या आजीची वही अर्थातच परत मिळाली नाही. पण मी एक वही विकत घेतली आणि आत्याकडे गेलो. तिचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. ती डोळे मिटून बसे, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटे आणि मग एकेक ओवी सांगे. तीन दिवसांत सतरा ओव्या आठवल्या. वहीत त्या किती होत्या, असे मी विचारले. ती म्हणाली, "वही भरली होती रे."

त्या सतरा ओव्यांची वही आता माझ्या टेबलाच्या वरच्या कप्प्यात असते. पहिल्या पानावर आजीचे नाव, आत्याचे नाव, गाव आणि तारीख लिहिली आहे. मुलांनो, यंदा माळ्यावरून गाठोडे खाली आले की ते एकदम टाकू नका आणि तसेच परत वरही चढवू नका. ते सोडा. आजीला शेजारी बसवा आणि विचारा, "आजी, हे कोणाचे गं?"